आवाज आल्याशिवाय शाई नाही

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "सकाळी किती वाजता उठतेस?"

"साडेसहाला," मी म्हटलं. खरं तर साडेसातच्या आत मी कधी डोळा उघडलेला नव्हता. पण देवासहून नव्या नोकरीसाठी इंदूरला आलेली आणि आठ दिवस मावशीकडे दिवाणावर झोपून तिच्या सुनेचे टोमणे खाल्लेली मुलगी खोलीसाठी साडेपाचसुद्धा म्हणाली असती.

"सहाला उठावं लागेल. आणि लिहिता येतं ना?"

"काका, माझं बी. कॉम. झालंय."

"ते नाही विचारलं मी. अक्षर दाखव."

कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या हातात दिली. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे मी माझं नाव-गाव लिहिलं. त्यांनी कागद हात लांब करून धरला, मान तिरकी करून पाहिला आणि म्हणाले, "चालेल. वेलांटी जरा जास्त लपेटतेस." परदेशीपुऱ्यातली ती वरची खोली मला अशी अक्षराची परीक्षा देऊन मिळाली. भाड्याचं बोलणं नंतर झालं आणि ते दोन मिनिटांत संपलं.

सगळा मोहल्ला त्यांना हाजरीबाबू म्हणायचा. एका कापड गिरणीच्या गेटावर, टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून, त्यांनी तीस वर्षं मजुरांची हजेरी मांडली होती. वडील महूच्या पलटणीत हवालदार. यांनाही पलटणीतच जायचं होतं, पण तळपाय सपाट निघाले म्हणून घेतलं नाही. तो राग त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या उशिरावर काढला, असं त्यांची बायको म्हणायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि हे सांगायचे ते स्वतःच, हसत. खाकी पँट, पांढरा हाफ शर्ट, खिशाला एक निळं पेन आणि एक लाल. गिरणीला कुलूप लागून काही वर्षं उलटली तरी हा पोशाख काही सुटला नाही. संध्याकाळी मी जिन्यावर पाऊल ठेवलं की आतून आवाज यायचा, "देवासवाली, सात बारा." म्हणजे सात वाजून बारा मिनिटं. मी किती वाजता आले ते मला कळावं, एवढाच हेतू. पहिले पंधरा दिवस मी दातओठ खाल्ले. पुढे मीच जिन्याखालून ओरडून विचारायला लागले, "काका, किती?"

गिरण्या बंद पडल्यावर मोहल्ल्यातल्या कुणी भाजीचा ठेला लावला, कुणी ऑटो चालवायला घेतली. तरुण पोरं पीथमपूरच्या नव्या कारखान्यांत ठेक्यावर लागली, काही थेट सुरतेला गेली. मागे राहिले म्हातारे. गिरणी चालू होती तेव्हा एखादा दोन दिवस दिसला नाही तर मस्टरमध्ये निदान लाल खूण पडायची, जोडीदार घरी डोकावून जायचा. आता ते कोण करणार? मी राहायला यायच्या वर्षभर आधी मागच्या गल्लीत एक म्हातारा विणकर खोलीतल्या खोलीत वारला आणि तिसऱ्या दिवशी वास आला तेव्हा लोकांना कळलं. हाजरीबाबूंनी त्या माणसाची हजेरी बावीस वर्षं मांडली होती. तिरडी उचलायच्या वेळी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "गेट बंद झाला, तर माणूस आहे का नाही हे बघायचं पण बंद?" दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून गिरणीची उरलेली कोरी मस्टरं काढली आणि गल्लीत एकट्या राहणाऱ्या अकरा म्हाताऱ्यांची नावं त्यात चढवली.

नियम साधा होता. रोज सकाळी साडेसहा ते सात या वेळात अकरा दारांवर जायचं. म्हाताऱ्यानं नुसता हुंकार देऊन भागायचं नाही, एक पूर्ण वाक्य बोलायचं. ते वाक्य मस्टरमध्ये नावापुढे निळ्या शाईत उतरलं की माणूस हजर. वाक्य मिळालं नाही तर लाल खूण, आणि लाल खूण पडली की हाजरीबाबू स्वतः उठून त्या दारावर जायचे. दार उघडेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. गावाला जायचं असेल तर आदल्या दिवशी रजा टाकायची.

"वाक्य कशाला पण?" मी विचारलं होतं.

"अगं, गिरणीत एकाच्या नावावर दुसरा 'हाजिर' ओरडून देतो. तीस साल हेच पकडत बसलो मी. आवाज आल्याशिवाय शाई नाही."

दारं फिरायचं काम त्यांचा धाकटा भाऊ बबन करायचा.

बबन तेव्हा चाळिशीला आलेला. अंगानं भरलेला, दाढी रोज भावाच्या हातून गुळगुळीत केलेली, शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं, आणि रस्ता ओलांडताना तो अजून कुणाचा तरी हात शोधायचा. सरकारी कागदावर त्याला जे म्हणत ते लिहायची माझी इच्छा नाही. गल्लीतले लोक त्याहून आखूड शब्द वापरायचे. पण एक गोष्ट त्याला अशी यायची की जी मला बी. कॉम. होऊन येत नव्हती. ऐकलेलं तो जसंच्या तसं परत आणायचा. शब्दाचा फरक नाही, सुराचाही नाही. अकरा दारं फिरून तो ओट्यावर उभा राहायचा, अकरा वाक्यं म्हणायचा आणि भाऊ ती उतरवून घ्यायचा. एखाद्या दारावर काही मिळालं नाही तर सरळ सांगायचा, "अमका बोलला नाही." मनानं भर घालणं त्याला जमतच नव्हतं.

आमच्या समोर तिवारी बाबा राहायचे. एका सकाळी तापानं वैतागले होते. बबननं दार वाजवल्यावर ते आतून खेकसले. बबन परत आला आणि तस्साच खेकसून म्हणाला, "जा के बोल दे तेरे बाबू को, मर गया मैं!" हाजरीबाबूंनी चष्मा वर सरकवला, तिवारी बाबांच्या नावापुढे अक्षर न अक्षर निळ्या शाईत उतरवलं आणि म्हणाले, "हजर."

म्हाताऱ्यांच्या पेन्शनीसाठी जिवंत असल्याचा पुरावा लागायचा, त्याची गोष्ट तर मोहल्ल्यात कित्येक दिवस चालली. हाजरीबाबू मस्टर काखेत मारून पेन्शनच्या ऑफिसात गेले. तिथला बाबू म्हणाला, "बाबूजी, ये रजिस्टर नी चलेगा. जिंदा होने का फारम भराओ, और सबको सामने लाओ." दुसऱ्या दिवशी यांनी दोन सवारी टेम्पो भरून सगळे म्हातारे तिथल्या व्हरांड्यात उभे केले आणि खड्या आवाजात एकेकाची हजेरी घेतली. प्रत्येक जण एक पूर्ण वाक्य बोलला. तिवारी बाबांचं वाक्य तर सगळं ऑफिस ऐकत राहिलं. शेवटी हाजरीबाबूंनी त्या बाबूकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही? एक वाक्य बोला, तुमचं पण लिहून घेतो." फॉर्म त्याच दिवशी घेतले गेले.

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल की म्हातारा म्हाताऱ्यांसाठी झिजत होता. ते खरंच होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्यांनी मला एकदा ओट्यावर शेंगा सोलताना सांगितलं.

"बदली म्हणजे काय माहीत आहे? पक्का कामगार आला नाही, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता माणूस घ्यायचे. ते बदलीवाले रोज पहाटे गेटावर येऊन उभे राहायचे. काम मिळो न मिळो. असा सालोसाल उभा राहिला की मग खात्याला त्याच्याशिवाय जमत नाही. मग तो परमनंट." त्यांनी बबनकडे पाहिलं. तो शेंगांची टरफलं एका रेषेत मांडत होता. "हा माझा बदलीवाला. मी जायच्या आधी याला परमनंट करून जाणार. अकरा घरांना सकाळी याची वाट बघायची सवय लागली ना, की मी नसलो तरी कुणी तरी याच्या ताटात पोळी वाढेल. कीव येऊन नाही हां. कीव दोन दिवस टिकते. उद्या सकाळी हा यायला पाहिजे म्हणून वाढेल."

दुसरे रस्ते त्यांनी शोधले नव्हते असं नाही. भंवरकुआंच्या पुढे बबनसारख्यांना सांभाळणारी एक संस्था होती, तिथे ते बबनला घेऊन गेले होते. जागा स्वच्छ, जेवण बरं, माणसं गोड. "इथे हा करेल काय?" यांनी विचारलं. "कुछ नहीं करना पड़ेगा, बाबूजी. आराम से रहेगा." एवढं ऐकून ते भावाला घेऊन परत आले.

अपंगत्वाच्या सरकारी सर्टिफिकेटसाठी बबनला डॉक्टरांपुढे न्यायचं होतं, तेव्हा मी सोबत गेले. डॉक्टर भला माणूस होता. पाच आणि तीन किती, आज वार कोणता, देशाचे पंतप्रधान कोण, असं हळूहळू विचारत होता. बबन त्याचेच प्रश्न त्याला त्याच्याच आवाजात परत देत होता. हाजरीबाबूंना राहवेना. "साहेब, तुम्ही त्याला तुमच्या कामाचे सवाल करून राहिले. त्याच्या कामाचा करा ना एखादा. पूछिए, आज सुबह किसने क्या कहा." डॉक्टरांनी विचारलं. बबन खुर्चीवरून उठला, हात अंगाशी सरळ धरले आणि अकरा वाक्यं म्हणाला, मराठी मराठीत आणि हिंदी हिंदीत. डॉक्टर इतके हसले की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग चष्मा लावून कागदावर टक्के लिहिले. परतताना टेम्पोत हाजरीबाबू तो कागद पुन्हा पुन्हा बघत होते. "टक्क्यात कसा मोजतात गं माणूस? पाऊण माणूस हजर, असं मी कधी लिहिलं नाही."

अशा ऑफिसच्या वाऱ्यांसाठी त्यांना सकाळीच निघावं लागे. त्या दिवशी मस्टर लिहायचं काम माझं. माझं अक्षर पाहिलं होतं ते यासाठी. म्हणजे त्या घरात मीही बदलीवरच होते. सुरुवातीला मला त्याचं कौतुक वाटायचं. ऑफिसात मी ते रंगवून सांगायचे. मग हळूहळू सांगेनाशी झाले. आमची कंपनी नवी, कॉम्प्युटर नवे, एसी नवा, टाय लावून येणारी मुलं नवी. कुठे राहतेस विचारलं तर मी परदेशीपुरा न म्हणता 'राजवाड्याच्या त्या बाजूला' म्हणायला लागले होते. सकाळी पेन हातात धरून ओट्यावर बसताना मनातून आठ्या पडायच्या. तोंडानं मात्र मी कधी नाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं.

ती सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. हाजरीबाबू पहिल्या बसनं गिरणीकडे थकलेल्या पैशांच्या खटल्यासाठी भोपाळला गेले होते. मला आठ वाजता ऑफिसात पोचायचं होतं. मुंबईच्या ट्रेनिंगसाठी दोन जणांची निवड व्हायची होती आणि मुंबईहून साहेब आले होते. सात वाजून गेले तरी माझी वेणी व्हायची होती. बबननं ओट्यावर उभं राहून दहा वाक्यं म्हटली, मी ती भराभर लिहिली. मग तो म्हणाला, "कांडीवाली आजी बोलली नाही."

ही आजी गिरणीत सुताच्या कांड्या भरायची, म्हणून कांडीवाली. मुलगा सुरतेला, ती इथे एकटी.

"झोपली असेल," मी म्हटलं.

"आजी बोलली नाही."

"परत जा. जोरात वाजव दार."

तो गेला आणि धापा टाकत परत आला. "आजी बोलली नाही."

नियमाप्रमाणे मी उठून जायला हवं होतं. तिचं दार आमच्या ओट्यापासून साठ पावलांवर आहे. मी ती नंतर मोजली. त्या वेळी मी घड्याळाकडे पाहिलं, निळं पेन उचललं आणि आजीच्या नावापुढे लिहिलं, 'चहा घेतला, बरी आहे.'

बबनला वाचता येत नव्हतं, पण रंग कळायचा. "लाल," तो म्हणाला.

"राहू दे."

"आजी बोलली नाही. लाल."

माझा तोल गेला. "आजी बोलली, बबन. चहा घेतला म्हणाली. तूच विसरलास. तू चुकलास, कळलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. भावानं त्याला हजार गोष्टींवरून रागावलं असेल, पण आणलेल्या वाक्यावरून कधी कुणी त्याला चुकलास म्हटलं नव्हतं. "मी चुकलो?" त्यानं विचारलं. "हो," मी म्हटलं, आणि टेम्पो पकडायला धावले. माझी निवड झाली.

आजी पहाटेच मोरीत घसरून पडली होती. कमरेचं हाड मोडलं होतं. ओल्या लुगड्यानिशी ती दिवसभर तिथल्या फरशीवर पडून होती. दुपारी चारला शेजारीण चाळणी परत करायला गेली तेव्हा तिला ती दिसली. दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. मी एकदा बघायला गेले होते तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "हड्डी तो जुड़ जाती. ठंड बैठ गई छाती में. सुबह ले आते तो बात और थी."

ज्या दिवशी ती सापडली त्या संध्याकाळी मी घरी आले तर आमच्या ओट्यापुढे सगळी गल्ली जमलेली. मस्टर उघडं पडलं होतं. "नीली लगी है, देखो. हाजिर लगी है," कुणी तरी बोट ठेवून दाखवत होतं. शेजारीण ओरडली, "एक पागल के भरोसे छोड़ रखा था सबको. और क्या होता?" बबन भिंतीला पाठ लावून उभा होता आणि म्हणत होता, "आजी बोलली नाही. आजी बोलली, चहा घेतला. आजी बोलली नाही." एका माणसाची दोन वाक्यं त्यानं पहिल्यांदाच आणली होती. लोक म्हणाले, "लो, अब कुछ भी बोल रिया है."

मला एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं खरं सांगितलं, मी खोटं लिहिलं. बस, एवढंच. मी जिन्यावर उभी होते, हातात पर्स होती, आणि मी वर निघून गेले. दार लावून घेतलं. खालून बबनचा आवाज येत होता आणि मी पाण्याचा नळ सोडून ठेवला. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी चुकीच्या केल्या असतील, पण त्या नळाचा आवाज आठवला की मला माझी किळस येते.

हाजरीबाबू दुसऱ्या दिवशी आले. उभ्याउभ्याच त्यांनी ते पान वाचलं. खूप वेळ वाचलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "काही सांगायचं आहे का?"

"नाही, काका."

त्यांनी मस्टर मिटलं. गल्लीला त्यांनी एवढंच सांगितलं, "हाजरी माझी, चूक माझी." पण लोकांनी मनात ठरवायचं ते ठरवलं होतं. बबन गेला की आतून आवाज यायचा, "तू मत आया कर रे." कुणी दारच उघडायचं नाही. तरीही आठवडाभर तो उरलेल्या दहा दारांवर जाऊन उभा राहत होता आणि परत येऊन दहा वेळा सांगत होता, "बोलला नाही, बोलली नाही." मग हाजरीबाबू स्वतः फिरायला लागले. गुडघे साथ देईनात. पावसाळा आला तोवर हजेरी बंद पडली होती. मी त्याआधीच मुंबईला गेले होते. ऑटोपर्यंत माझी बॅग त्यांनी उचलून आणली. नको म्हणायचीही मला लाज वाटत होती.

तीन वर्षांनी मावशीकडून कळलं की हाजरीबाबू अंथरुणाला खिळलेत. तोवर माझं लग्न झालं होतं, मुलगी झाली होती. मुलीला ताप भरला की मला ती ओली फरशी आठवायची. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. एका दुपारी मी परदेशीपुऱ्यात उतरले. गल्लीच्या तोंडाशी फोनचा बूथ झाला होता, तिवारी बाबांच्या खोलीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हाजरीबाबू आतल्या खाटेवर होते. पेनं नव्हती, खाकी पँट नव्हती. मी खाटेशी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मधे रडू आलं, ते पण येऊ दिलं.

"मला ते पान वाचलं तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "आजी चहा प्यायची नाही गं. नवरा गेला तेव्हापासून सोडला होता तिनं."

मी पन्नास सकाळी तरी त्या बाईचं वाक्य लिहिलं असेल. ती चहा पीत नाही हे मला ठाऊक नव्हतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुझी नोकरी नवी. लग्नाचं चालू होतं. गल्लीनं तुला फाडून खाल्लं असतं. म्हटलं, पोरगी चांगली आहे, आपल्या तोंडानं येऊन सांगेल. आज येईल, उद्या येईल. तू मुंबईला जाईपर्यंत वाट बघितली."

"आणि बबन?"

त्यांनी डोळे मिटले. "तिथे मी चुकलो. तीस साल कुणाची खोटी हाजरी लावली नाही, आणि सख्ख्या भावावर खोटा आळ राहू दिला. वाटलं, तो काय, विसरून जाईल." डोळे न उघडताच म्हणाले, "तो काही विसरत नाही."

पुढे काही महिन्यांनी ते गेले. बबनला महूच्या एका चुलत बहिणीनं नेलं. तिनं दोन महिने ठेवून घेतलं, मग भंवरकुआंच्या पुढच्या त्याच संस्थेत पोचवलं. त्या घरांतल्या एकानंही त्याला ठेवून घेतलं नाही, आणि का घ्यावं? सकाळी त्याची वाट बघायचं कुणाला कारणच उरलं नव्हतं. ते कारण मी काढून घेतलं होतं. मी वर्षातून एकदा तिथे जाते, फळं नेते. तिथे त्याला काही करावं लागत नाही.

पण हे नंतरचं. त्या दुपारी हाजरीबाबूंनी डोळे उघडून मला विचारलं, "त्याला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. ज्याचं नुकसान केलं त्याला सांगायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माफी मागायला आले होते ती मोठ्या भावाकडे, ज्याला समजतं त्याच्याकडे.

बबन मागच्या अंगणात स्टुलावर बसला होता. केस पांढरे झाले होते, दाढी वाढली होती. मी समोर जमिनीवर बसले. "बबन, त्या दिवशी तू चुकला नव्हतास. कांडीवाली आजी बोललीच नव्हती. तू खरं सांगितलंस. मी खोटं लिहिलं."

तो मला ओळखून हसला. "आजी बोलली, ताई. चहा घेतला म्हणाली."

"नाही रे. ते मी मनचं लिहिलं होतं. आजी बोलली नाही."

"आजी बोलली, बबन," तो म्हणाला. आवाज माझा होता. घाईचा, चिडका, त्या सकाळचा. "चहा घेतला म्हणाली. तूच विसरलास. तू चुकलास, कळलं?"

मी त्याचे दोन्ही हात धरून पुन्हा सांगितलं. आणखी एकदा सांगितलं. दर वेळी तो मान हलवून ऐकून घेत होता आणि माझंच बोलणं मला परत देत होता.

आतून हाजरीबाबूंनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "काय म्हणाला गं?"

या वेळी मी जे ऐकलं तेच सांगितलं. त्यांनी कूस बदलून तोंड भिंतीकडे केलं.